उशिराचं कारण

३ मार्च
आज ऑफिसातून पत्र हातात पडलं. ज्या परदेशाकडे अर्ज केला होता, तिकडच्या सरकारचं. आम्हा दोघांना आश्रय नाकारला. जात सोडून लग्न केलं म्हणून वैशालीचे भाऊ जिवावर उठलेत, तर तो म्हणे 'कौटुंबिक वाद'! अपिलाची मुदत नऊ दिवसांपूर्वीच संपलेली. पाकीट फोडून परत स्टेपल केलेलं. कोणी?

४ मार्च
चूक माझीच. इथे आखातात, जबल अलीच्या कामगार-कॅम्पवर पोस्टमन येत नाही, म्हणून सगळे लिहितात तसा फॉर्मवर कंपनीच्या पोस्ट बॉक्सचा नंबर ठोकला. त्याची किल्ली मांढरेकडे. स्टोअरकीपर, आणि वै.च्या माहेरच्याच तालुक्यातला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

६ मार्च
वकीलबाईंचा फोन. "मुदत वाढवून मागू. पण पत्र तुम्हाला कधी मिळालं, ते ऑफिसकडून लेखी हवं. दहा तारखेपर्यंत."
म्हणजे मांढरेच्याच पाया पडायचं. नाही पडलो. दिवसभर त्याच्यावर नजर ठेवली. दोनदा फोन घेऊन बाहेर गेला. कोणाचा?

७ मार्च
इथला व्हिसा महिनाअखेर खलास. मग गाव, आणि गावात ते भाऊ. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. विचारलं शेवटी मांढरेला.
"अरे, मी महिनाभर सुट्टीवर होतो. बॉक्स उघडणार कोण? आणि कोणाचं टपाल ते कळायला सगळीच पाकिटं फोडतो मी. देतो लिहून, इन्शाल्ला सोमवारी."
सुट्टीत कुठे होता? गावी. दुसरीकडे कुठे जाणार!

९ मार्च
दिलं. सही, शिक्का, तारीख, सगळं चोख. वर चहा पाजला. "वहिनींना म्हणावं, काळजी करू नका." लाजच वाटली मला. उगाच बिचाऱ्यावर…
कंपनीच्या बसमध्ये पुन्हा वाचलं. खाली माझा पत्ता: खलिफा सिटी, व्हिला १४, मागची खोली.
कंपनीत माझा पत्ता कॅम्पचा आहे. कॅम्पवर बायकांना राहू देत नाहीत, म्हणून वै. त्या खोलीत राहते; हे मी इथे एकालाही सांगितलेलं नाही.

१० मार्च
तेच पत्र पाठवलं. दुसरं आणू कुठून? वकीलबाई म्हणाल्या, मुदत मिळेल बहुतेक.
वै.ला फोन केला. कडी लाव म्हटलं.
"दिवसाढवळ्या?"
"लाव आधी."
"अरे, मघाशी मागच्या दाराशी कोणीतरी मराठीत हाक मारत होतं. मला वाटलं, तूच पाठवलंयस."