बीपनंतर नाव सांगा

४ सप्टेंबर
स्वस्तात सुटले म्हणायचं. कोलोरॅडोहून येताना गाडीत गांजाच्या चघळायच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट राहिलं होतं. तिथे दुकानात राजरोस मिळतात, पण हद्द ओलांडून नेब्रास्कात आलं की तोच गुन्हा. मग बेड्या, बोटांचे ठसे, एक रात्र कोठडी. फोटोत तर मी अट्टल दरोडेखोर दिसते. कोर्टाने दिलेला वकील बॅस्कम म्हणाला, पहिलीच वेळ आहे, माल किरकोळ, जज्ज संधी देतील. दिली. सहा महिने नशा नाही, बोलावलं की लघवी तपासायला द्यायची. मग केस रद्द आणि एली परत माझ्याकडे. चार वर्षांचं माझं पिल्लू तोवर बहिणीकडे, मार्लिसकडे राहणार.

याच जिल्ह्यात राहायची अट आहे, म्हणून मिसेस ओडेगार्डच्या घरी माडीवरची खोली घेतली. खिडकीबाहेर मकाच मका. बाईंनी भोपळ्याचा गोड पाव खाऊ घातला. म्हणाल्या, आधीची भाडेकरू लोर्ना तुझ्यासारख्याच भानगडीतली, गुणी पोर. घसा बसला तो बसलाच, मग एक दिवस न सांगता गेली.

५ सप्टेंबर
रोज सकाळी कोर्टाने दिलेल्या नंबरवर फोन करायचा. ध्वनिमुद्रित आवाजातली बाई आजचा रंग सांगते. माझा जांभळा, तो लागला की तपासणीला पळायचं. लागो न लागो, बीपनंतर आपलं नाव आणि रंग स्पष्ट बोलायचा. आवाज जुळला की हजेरी. टेसा कुचेरा, जांभळा. सोपं आहे.

बाईचा आवाज गोड, पण थकलेला. गंमत म्हणून मिसेस ओडेगार्डना ऐकवला. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, अगं, ही तर लोर्ना. मग स्वतःच हसल्या, कान म्हातारे झाले म्हणाल्या.

२२ सप्टेंबर
घसा खरखरतोय. डॉक्टर म्हणतात, घशात काही नाही, कमी बोल. इथे बोलतेच कोणाशी मी? संध्याकाळी एलीला फोनवर अस्वलाची गोष्ट सांगते तेवढंच. आज म्हणाला, मावशी छान गुरगुरते, तुला येतच नाही.

३० सप्टेंबर
घशाला कोरड म्हणून उठल्यापासून घटाघटा पाणी प्यायले, आणि नेमका जांभळा लागला. लघवी पातळ निघाली. पातळ म्हणजे लपवाछपवी, म्हणजे नापास. मी रडून सांगितलं. तपासणारी म्हणाली, इथे सगळ्यांनाच तहान लागते, बाई. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. बॅस्कम म्हणाला, नशीब समज, अजून एक चूक झाली तर एलीला विसर.

९ ऑक्टोबर
बाई रंग सांगून थांबली. मग हळूच म्हणाली, नाव सांगू नकोस.

बीप झाला. नाही सांगितलं तर गैरहजर. सांगितलं.

१४ ऑक्टोबर
आता कुजबुजावं लागतं. तरी यंत्र हजेरी लावतं. बॅस्कमला सगळं सांगितलं. म्हणाला, हे जज्जसमोर बोललीस तर आधी तुझी लघवी मागतील.

मला भीती वाटते. फोन केला तर आवाज जातो, नाही केला तर एली.

२० ऑक्टोबर
आज फोन स्पीकरवर ठेवला, तर दुसरीच बाई. ताजी, ठणठणीत.

मिसेस ओडेगार्ड जिन्याखालून म्हणाल्या, मोकळा झाला वाटतं गं तुझा घसा, किती स्वच्छ बोलतेस.

मी तोंड उघडलंच नव्हतं.

२१ ऑक्टोबर
एलीने फोन केला. पिल्लू म्हणायला गेले — तोंडातून आलं, आजचा रंग जांभळा. पुन्हा प्रयत्न केला — बीपनंतर नाव सांगा.

त्याला खेळ वाटला. खिदळला. म्हणाला, एली कुचेरा, जांभळा —

माझ्याकडून फोन बंदच होत नाही. ठेव फोन. ठेव, पिल्ला — मला ओरडता येत — लिहून कसं ऐकू —

पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज जरा बसल्यासा —