ओढ्यातलं आडवं झाड

ती. बाबा,
इथूनच वाकून नमस्कार. जेवण वेळेवर होतं, खोली उबदार आहे, काळजी नसावी.

या दरीत कामाला आले त्या पहिल्याच दिवशी मी फजिती करून घेतली. ओढ्यात झाडं आडवी पडलेली दिसली. लेक तुमचीच! बाह्या सरसावल्या आणि एक ओढून काठावर काढलं. मेंढपाळ आजोबांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, ती आम्ही मुद्दाम टाकलीत!"

पाणी थबकावं, मुरावं म्हणून. वरच्या कुरणाचे हे आजोबा, मधला बागवाला आणि खालच्या रानाचे वनखात्याचे साहेब. पूर्वी एकमेकांचं तोंड बघत नसत. आता कुंपणं काढून अख्खी दरी मिळून सांभाळतात, बघत राहावं असं. माझं झाडही तिघांनीच हसत हसत परत ठेवलं. तिथे आता डोह झालाय, पाणमांजर येतं.

हाताला जरा खरचटलंय, पण अक्षर बघा, नीट आहे ना? आईचा खोकला कसा आहे?

कमरेचं तुम्ही लिहीत नाही. पण दादा म्हणाला, आपल्या ओढ्यात पडलेलं झाड तुम्ही एकटेच ओढायला निघालायत. बाबा, राहू द्या ते. मी आले की दोघं काठावर नुसते बसू.

तुमची,
धाकटी