पत्रिकेतल्या नावांचा क्रम लावणारं फंक्शन

मोरवा, भाईंदर (प.)
९ एप्रिल २००७

ती. अंबिका आत्यास,
इशिताचा साष्टांग नमस्कार.

लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’च्या खाली नावं कुठल्या क्रमानं लिहावीत? मला याचं उत्तर येत नाही. (घरातली पहिली पदवीधर असूनही.) पत्राची सुरुवात अशी करू नये, म्हणून विचारते, तुझे गुडघे कसे आहेत? अकरा वर्षांत विचारलं नाही, तेव्हा आता दोन्हींचं एकदम विचारते. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे एकमेकांशी बोलत नाहीत.

त्याचं असं झालं. शिवदासकाकांच्या स्वप्नीलचं लग्न ठरलं. मी मीरा रोडला एका छोट्या कंपनीत वेबसाइटची पानं बनवते, तर काकांनी ठरवलं की पत्रिका इंटरनेटवरही हवी आणि छापखान्यालाही तोच मजकूर द्यायचा. आमच्या कामात पानाचा एक साचा असतो. साच्यातल्या रिकाम्या जागी एक छोटं सूत्र लिहिलं की पान उघडताना तिथे नावं आपोआप उमटतात. त्या नावांवर काही संस्कार करायचे असतील तर आपलं स्वतःचं फंक्शन लिहायचं आणि सूत्रातून त्याला हाक मारायची. आमचे जितेंद्र सर सांगतात, “पानात अक्कल ठेवायची नाही, सगळी अक्कल फंक्शनमध्ये.” मी फंक्शन लिहिलं, नाव ठेवलं ‘मानक्रम’. नियम एकच, वयानं मोठा तो वर. बाई की पुरुष, काही बघायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण सात ओळींत मिटवलं म्हणून मी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये स्वतःलाच वडापाव खिलवला.

मग जन्मतारखा गोळा करायला निघाले. शिवदासकाका आणि योगेंद्रकाका यांना आजोबांनी एकाच दिवशी शाळेत घातलं आणि गुरुजींनी दोघांनाही एकाच वर्षाची एक जून लावून टाकली. कागदोपत्री ते जुळे! फंक्शन बिचारं यादीत आधी सापडेल त्याला वर ठेवतं, आणि सापडले योगेंद्रकाका. “माझ्या पोराचं लगीन न माझंच नाव खाली?” शिवदासकाका कडाडले. “तुझ्या कॉम्प्युटरला सांग, मी थोरला हाय!” सांगितलं. (अट पहिली.) द्वारकाकाकूंनी दिलेल्या तारखेप्रमाणे त्या नवरदेवाहून नऊ वर्षांनी मोठ्या निघाल्या, आणि त्या नवरदेवाच्या आई आहेत. मी दबकत विचारलं, तर म्हणाल्या, “लिव गं, कोन मोजतंय?” फंक्शन मोजतं. त्यानं काकूंना सगळ्या जावांच्या खाली ढकललं. (अट दुसरी.) योगेंद्रकाकांना खाली चालणार होतं, पण ठळक अक्षरात. (तिसरी.) रविवारपर्यंत सात ओळींच्या साठ झाल्या. जितेंद्र सरांनी वाचून चष्मा काढला. “इशिता, हे फंक्शन नाही, ही ग्रामसभा आहे.”

एकोणिसावी अट बाबांनी सांगितली, माझ्याकडे न बघता. “नाव अंबिका असेल तर गाळ.” खाडीकडच्या शेताच्या हक्कसोडपत्रावर तू सही केली नाहीस, तेव्हापासून घरच्या एकाही पत्रिकेत तू नाहीस, हे मला ठाऊक होतं. पण तुला गाळायचं काम माझ्याच बोटांवर येईल असं वाटलं नव्हतं. कॉलेजात शिकले होते की कॉम्प्युटर भेदभाव करत नाही. खरं आहे, त्याला तो शिकवावा लागतो. मी शिकवला, आत्या. इतक्या अटींत तेवढी एकच पहिल्या फटक्यात चालली. सगळ्यांनी पडद्यावर आपापलं नाव पाहिलं, होकार दिला आणि जेवायला बसले.

बाकी क्षेम. तुझ्या घरी सगळ्यांना माझा नमस्कार.

तुझी,
इशिता

ता. क. हळद वीस तारखेला आहे. ये. येताना तुझा शाळेचा दाखला आण. (त्यावरही एक जूनच असणार, पण मला फक्त वर्ष हवंय. मी आजीच्या जुन्या रेशनकार्डावरचं वय धरलंय, त्यात तू शिवदासकाकांहून मोठी आहेस, आणि त्या कार्डावर आमचा कुत्राही सदस्य आहे.)

पुन्हा ता. क. दाखला कशाला, ते राहिलंच. छापखान्यात मजकूर देण्याआधी मी एकोणिसावी अट पुसली. बाकीच्या अठरा आहेत तशा ठेवल्या, उगाच कोणाचं मन का दुखवा? तीनशे पत्रिका छापून आल्या. देवापुढे ठेवलेली पत्रिका बदलायची नाही, हा नियम शिवदासकाकांचाच. आज सकाळी घर उठायच्या आत पहिली पत्रिका कुंकू लावून मी देवापुढे ठेवली. सगळ्यांत वर तुझं नाव आहे.