वरच्या हवेची नळी

१० सप्टें., बुध.
हातभर नळीचा खरा खर्च: चार दिवस, वाकवताना चिरलेले दोन तुकडे, मनगटावर एक डाग आणि शिरपूरला मेहुणीच्या घरची चुकलेली दावत. दावत सगळ्यांत महाग पडली. बायको, सायरा, अजून हो-नाहीवरच बोलते.
पण नळी झाली. आतून आरसा. नळी मागवणाऱ्या मॅडम शास्त्रज्ञ, विमानातून वरच्या हवेतली वाफ मोजतात. तिच्यात जड पाणी किती, हलकं किती. त्यावरून म्हणे पाऊस समुद्रावरून आला की आपल्याच शेतांतून उठला, ते कळतं. बाहेरची हवा यंत्रात नेणारी त्यांची नळी प्रवासात चेपली. विमान जळगावात, उड्डाणं उरली तीन. माझ्यासारख्या ठिबकचे फिल्टर करणाऱ्याकडे त्यांना कोणी पाठवलं, अल्ला जाणे. बरं केलं.

११, गुरु.
नानांनी (चोपड्याचे, दुकानातले सगळ्यांत जुने फिटर) नेहमीसारखी नळी साबणाच्या पाण्यात बुडवून तपासली. एक बुडबुडा नाही. मग कॉम्प्रेसरची हवा मारली. म्हणाले, "कोरडी शे भाऊ, बठ्ठी कोरडी." सगळीच्या सगळी, म्हणजे.
विमानतळावर जाऊन बसवली. विमानाचा इंजिनियर शेपटाकडे कुजबुजला, "लोकल माल है, देखते हैं." दीपनगरच्या वीजकेंद्रात वाफेच्या लाइनवर बारा वर्षं काढलीत, टाचणीएवढी गळती मी कानानं शोधतो. हा तर अख्खा माणूस. समोर जाऊन म्हटलं, "साहेब, या नळीत वरच्या हवेशिवाय काही शिरलं तर दुकान बंद." मॅडम हसल्या.

१३, शनि.
पहिलं उड्डाण वाया. वरची हवा ठणठणीत कोरडी असायला हवी, तर यंत्रात पाणीच पाणी. तेही जड. मॅडम म्हणाल्या, "सलीमभाई, जड पाणी खालीच पावसात उतरून जातं. वर हलकं उरतं. हे तर कुणाच्या विहिरीचं वाटतंय."
इंजिनियर: "मशीन गया. बाकी की दो उड़ान रहने दो."
दोन वर्षांचं काम मॅडमचं. घरी आलो, जेवण गेलं नाही.

१४, रवि.
दुकान बंद असतं, तरी गेलो. कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक सोडला. लोटाभर पाणी. पावसाळ्यात रोज निघतं, रोज बघतो. म्हणजे पाण्यात बुडवलेली नळी आम्ही ओल्या हवेनं सुकवली! अठरा वर्षं पाइपात पाणी खेळवायचा धंदा. आत ओल राहिली तर तो दोष, हे आमच्या डोक्यात येणार कुठून?
नानांना फोन लावला. "कोनले सांगू नका भाऊ. मशीनना माथे गयं ना, जाऊ द्या."
सोपं होतं. पण मशीनच्या माथी गेलं की मॅडमची दोन्ही उड्डाणं गेली.
त्यांना फोन केला. "मॅडम, मशीन खोलू नका. पाणी माझं आहे."
त्यांनी विचारलं, "किती?"
"डोळ्याला दिसणार नाही इतकं."
"अहो, तेवढं पुष्कळ झालं."
रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१५, सोम.
नरडाण्याहून कोरड्या नायट्रोजनचं सिलिंडर स्वतः आणलं. नळी तापवून दिवसभर तो तिच्यातून सोडला. साबण नाही, पाणी नाही. संध्याकाळी इंजिनियरनं ओल मोजायचा मीटर लावला, आकडा झरझर खाली. "अब ठीक है, चाचा." शनिवारपर्यंत लोकल माल होतो.
"और दुकान?" गुरुवारची माझी फुशारकी आठवून त्यानं विचारलंच. म्हटलं, "एक उड्डाण माफ."

१७, बुध.
दुसरं उड्डाण झालं. धुळ्यापुढे, ढगांच्या वर. जसं वर गेलं तसं पाणी हलकं होत गेलं. मॅडमनी आलेख दाखवला, अर्धा तर मलाही कळला. फक्त अगदी वर रेघ अडली, पाणी आणखी हलकं होईना. हवाच तशी, की नळीत अजून ओल, त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. शेवटचं उड्डाण शुक्रवारी.
नळी काढून आणलीय, पुन्हा तापवणार. आधी कानाला लावून पाहिली. काही ऐकू आलं नाही; ओल गळतीसारखी बोलत नाही.