फेहरिस्तीतलं पहिलं नाव

३ बहमन १३५५ फसली, मुदखेड

दहावा आला! आला म्हणजे पाशामियाँनी बखोटीला धरून आणला. पाशामियाँ स्टेशनात सांधेवाले आहेत, ह्यांच्या वेळचे. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी मी बोलले तशी मालधक्क्यामागची आपली कोठी त्यांनी वर्गाला मोकळी करून दिली.

पोरगा तेराचा असेल. रुळांतला कोळसा वेचतो. नाव विचारलं तर म्हणाला, केरबा. बाकीचे हसले. महिन्यापूर्वी त्यांचीही नावं तशीच होती – दगड्या, भिक्या, उंदऱ्या. शाळेत घालताना मास्तर नाव देतात, तसं मी दिलं. एकट्या लालमहंमदला लागलं नाही. तो पाशामियाँचा भाचा, नाव घरूनच चांगलं घेऊन आला.

केरबाला चार नावं सांगितली. त्यानं रेणुकादास घेतलं. "लई लांब हाय. हेच द्या." मग आडनाव. ते त्याला ठाऊक नव्हतं. मलाच विचारलं, तुमचं काय हाय? उदगीरकर, म्हटलं. "ते बी लांबच हाय की."

रकाना मोकळा ठेवला.

४ बहमन

त्याची आई आली. नागम्मा. मालगाडीच्या रिकाम्या वाघिणी झाडते, सांडलेलं धान्य तिचं. आत आलीच नाही, उंबऱ्याबाहेर झाडू धरून उभी. म्हणाली, ह्याच्या आधीचे तीन गेले. म्हणून ह्याला जन्मल्याबरोबर केरात टाकलं आणि केरातून उचललं.

"चांगलं नाव ठेवू नका, बाई. चांगलं नाव त्याला ऐकू जातंय."

कुणाला, विचारलं. तिनं वर बोट केलं. मला हसू आलं. हसायला नको होतं.

११ बहमन

इजाजतीशिवाय इतकी माणसं एका जागी जमवायची नाहीत, असा हुकूम. पोलीस चौकीच्या अमीनसाहेबांचा जवान दोनदा येऊन गेला – इथं काय चालतंय म्हणून. कोठीला कुलूप पडलं तर दहाच्या दहा श्रीमंत नावाच्या मुकादमाच्या हाती. तो पोरांना हुक देऊन वाघिणीत सोडतो, लेव्हीच्या सरकारी धान्याची पोती फाडायला. बदल्यात मूठभर गूळ. धान्य त्याचं, मार पोरांचा. मागच्या साली एकाचा पाय गेला.

म्हणून आज तहसिलीत इजाजतीची दरखास्त दिली. सोबत दहा नावांची फेहरिस्त, सुवाच्य अक्षरात. सगळ्यांत वर रेणुकादास.

पाशामियाँ म्हणाले, "फेहरिस्त नक्को देओ, बाई. कागदाकू पाँव रहते."

मी म्हटलं, आपण लपवावं असं काय आहे?

१९ बहमन

इजाजत नाही. नाही असंही कळवत नाहीत.

रेणुकादास स्वतःचं नाव लिहायला शिकला. पाटीवर, दंडावर, माझ्या घागरीच्या बुडावर! रोज पहिली हाक त्याची. "हजर, बाई," इतक्या मोठ्यानं म्हणतो की सांधे बदलणारे पाशामियाँ तिकडून हात करतात.

आज दोन तास आला नाही. आला तेव्हा तोंडाला गुळाचा वास. काही विचारलं नाही. विचारलं तर उद्या येणार नाही, अशी भीती.

२५ बहमन

परवा सायडिंगला लेव्हीची वाघीण फुटली. सहा पोती. जवान पोरांची नावं विचारत स्टेशनभर हिंडतो आहे – दिवाकर कोण? नीलकंठ कोण? कुणालाच ठाऊक नाही. हमाल म्हणाले, डाकेतले कारकून असतील.

माझी फेहरिस्त! माझंच अक्षर त्याच्या हातात.

आणि दुसरं. वाघिणीत आतल्या फळीवर कोळशानं लिहिलेलं सापडलं. एकदा नाही, तीनदा. रेणुकादास. रेणुकादास. रेणुकादास.

लिहायला मीच शिकवलं.

२६ बहमन

अमीनसाहेब स्वतः कोठीवर आले. अदबीनं बोलले. ह्यांची आठवण काढली, भल्या माणसाचं घर म्हणाले. मग कागद उलगडून पहिल्या नावावर बोट ठेवलं. हा कोण?

पोरं खाली बघून बसली. तो दारातच होता, पाण्याची घागर घेऊन.

मी म्हटलं, तो आता येत नाही. देगलूरला गेला.

ते उठले. जाता जाता घागरीकडे पाहिलं. "आणि हा?"

"हा केरबा," मी म्हणाले. "पाणी भरतो."

अमीनसाहेब गेले. केरबानं घागर खाली ठेवली. पाणी सांडलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेला.

दिवसभर मनाला समजावते आहे – वाचवलं ना?

२७ बहमन

आला नाही. नऊ.

२९ बहमन

दुपारी रुळांत दिसला, कोळसा वेचत. हाक मारली – रेणुकादास! मान वर केली नाही. जवळ गेले. पुन्हा म्हटलं.

"त्यो देगलूरला गेला की, बाई."

आवाजात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. मी सांगू लागले, मी तसं का म्हटलं. ऐकून घेतलं. मग पोतं खांद्यावर टाकून पुढच्या रुळाला गेला.

नागम्मा लांबून बघत होती. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही.

३० बहमन

लालमहंमदला नेला.

कसं सुचलं नाही मला! दहांतली नऊ नावं माझी, त्यांना गावात कुणी ओळखत नाही. एक खरं. जे सापडलं त्याला उचललं. अमीनसाहेबांचं म्हणणं, रेणुकादास कोण ते सांग आणि घरी जा. अकरा वर्षांचं पोर ते.

पाशामियाँकडे गेले. खाटेवर बसा म्हणाले, चहा मागवला. फेहरिस्तीचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाले, "बच्चा मुँह नै खोल रा, बाई."

म्हणजे माझंच खोटं ते पोर चौकीत बसून सांभाळतं आहे. मी खरं बोलले तर केरबा आत. गप्प राहिले तर लालमहंमद आत. श्रीमंत मुकादम दुपारी पारावर पान खात बसला होता. मला मोठ्या आदरानं रामराम केला.

१ इस्फंदार

चौकीवर गेले. पायरीपर्यंत. आत जाऊन काय सांगू, कुणाचं नाव घेऊ? परत आले.

असली भित्री बाई मुलांना निर्भय व्हा म्हणून धडा देते.

२ इस्फंदार

वर्ग घेतला नाही. हजेरीचं पुस्तक चुलीत घालायला काढलं. मोकळा रकाना दिसला. घातलं नाही.

नागम्मा येऊन गेली. पोरगा रात्रभर जागा होता म्हणाली. भाकरीला हात लावला नाही, लालमहंमद काय खात असेल म्हणून विचारत राहिला. मी तिला म्हटलं, नागम्मा, तू सांगत होतीस तेच खरं झालं. तिनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, नाव आता त्याच्या अंगाला लागलंय, बाई. निघत न्हाई.

३ इस्फंदार

अमीनसाहेब दारात आहेत. सोबत लालमहंमद, सुटलेला. त्यांच्याबरोबर चौकीवर जायचं आहे; लुगडं बदलते म्हणून आत आले, तेवढ्यात लिहिते आहे.

केरबा सकाळी आपल्या पायांनी चौकीत गेला. रेणुकादास मीच, म्हणाला. पोती श्रीमंतनं फाडायला लावली, तेही बोलला. आडनाव विचारलं तर सांगितलं – उदगीरकर.

अमीनसाहेब मला म्हणाले, "बाई, तुमचं नाव सांगतो. मुलगा तुमचा आहे?"

रस्त्यापलीकडे नागम्मा उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. हो म्हणून.

"हाव," मी म्हणाले. "माझाच."