दोन शब्दांमधली जागा

प्रिय गिनेस,

आज सकाळी चर्चची घंटा वाजवून मी पाव आणायला गेलो. भट्टीपाशी ओब्दुलिया आपल्या बँडचं ते गाणं गुणगुणत होती. तिचा नवरा जाऊन अजून महिनाही झालेला नाही.

ते गाणं मी प्रार्थना म्हणून लिहिलं होतं. ‘आ दिओस’, म्हणजे देवाकडे. तू स्टेजवर दोन शब्द जोडून ‘आदिओस’ म्हणालास, आणि माझ्या प्रार्थनेचा प्रेमातला निरोप झाला. साऱ्या स्पेनने तो डोक्यावर घेतला. मी गिटार खाली ठेवली, त्याला वीस वर्षं झाली. ‘गावच्या जत्रेत एकदा तरी सोबत वाजव, दादा,’ असं तू परवा फोनवर म्हणालास, तरी मी नाहीच म्हणालो.

“ओब्दुलिया, तू यात ‘देवाकडे’ म्हणतेस की ‘निरोप’?” मी विचारलं.

“पाव घ्यायला आलास की माझी परीक्षा घ्यायला?” ती म्हणाली. मग पिठाचे हात पुसत हळूच म्हणाली, “निरोप द्यायचा तो देवाच्याच हवाली करून ना, ब्लास? मला तरी दोन्ही एकच ऐकू येतं.”

एवढं साधं मला वीस वर्षांत ऐकू आलं नव्हतं.

हे पत्र तुझ्याकडे सारागोसाला येणाऱ्या बसमध्ये सुरू केलं. आता ते टपालात टाकायची गरज नाही. तुमच्या तालमीच्या खोलीबाहेर उभा आहे, गिटार खांद्याला आहे, आणि ही ओळ लिहिण्याआधीच मी बेल वाजवली आहे.

तुझा थोरला,
ब्लास