राणीछाप रुपये विकणे नाहीत

पवनी,
दसऱ्यानंतरचा पहिला रविवार

चिरंजीव धनंजय यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. (पोटभर अशासाठी की पुढचे वाचून झाल्यावर तुला जेवण जाईलच असे नाही.)

इकडे सर्व ठीक. तुझ्या भाऊजींचा गुडघा जिना चढताना बोलतो आणि उतरताना गप्प बसतो. माझे पित्त शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे मधल्या सुट्टीतच येते, त्यामुळे सहावीच्या वर्गाला संस्कृतचा देव शब्द बिनधोक चालवता येतो. लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला आहे आणि वैनगंगा यंदाचा राग विसरून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली आहे. तुझी आणि रुचिकाची प्रकृती उत्तम असणारच. मागच्या आठवड्यात ज्या जोमाने तू फोनवर बोललास, तो जोम आजारी माणसाच्या अंगी नसतो. पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेले नाही. फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस आणि पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढ्याच कारणाने पोस्टाची पायरी चढते आहे.

तर विषय बाबांच्या वस्तूंचा. तू मोबाईलवर काहीतरी पाहिलेस. त्यात एका माणसाने जुना रुपया विकून चारचाकी घेतली होती. ते पाहता पाहता तुला एकाएकी आठवले की राणीछाप रुपयांचा बटवा, पितळेचे गंगाळ आणि धान मोजायची पायली ही आपली वडिलार्जित संपत्ती ताईच्या घरी ‘नुसती पडून’ आहे. बाबा गेल्यावर मी तुला ह्यातले हवे ते ने म्हटले होते. तेव्हा तू म्हणालास, ‘ताई, फ्लॅटमध्ये हे लोढणं कुठं ठेवू?’ तेव्हाचे लोढणे आता ठेवा झाले. संस्कृतात दोघांसाठी वेगळे वचन असते, मराठीने ते टाकून दिले असे मी वर्गात शिकवत आले. तू मात्र ते अजून चांगले चालवतोस. ‘ताई, आपण दोघं मिळून विकून टाकू’ हे द्विवचन. ‘तू नीट सांभाळून ठेव’ हे एकवचन.

आणि मी हो किंवा नाही म्हणायच्या आत तू जुन्या वस्तू घेणारा नागपूरचा माणूस पाठवलास. निकेश त्याचे नाव. गळ्यात सोनसाखळी असावी तसे भिंग. पांढराशुभ्र शर्ट. चहा घेता घेता त्याने खोलीतल्या प्रत्येक वस्तूकडे असे पाहिले की तुझे भाऊजी उठून आतल्या खोलीत गेले. (त्यांचेही वय आता जुन्या वस्तूंत धरण्यासारखे झाले आहे.) म्हणाला, आधी गंगाळ दाखवा. आता गंगाळ घरात असते तर दाखवले असते. तू इतकी वर्षे पुण्यात आहेस, म्हणून तुला पुन्हा सांगावे लागते की आपले गंगाळ आपल्या घरी फक्त दमले की येते. मोहल्ल्यात कोणाच्याही घरी हळद असली की अंघोळीचे पाणी त्यातच काढायचे, हा बाबांचा शिरस्ता. कोणी मागायला यायचे नाही, आपणच नेऊन पोचवायचे, हाही त्यांचाच. त्या दिवशी ते लीलाबाईंकडे होते, त्यांच्या प्रतिक्षाच्या हळदीला. (लीलाबाईंकडे लग्नाला मुहूर्त पाहत नाहीत, पाहुण्यांच्या सुट्ट्या पाहतात. मला हा विचार फार शास्त्रशुद्ध वाटतो.)

मग मी तुझ्या माणसाला घेऊन तिकडे गेले. मांडवात प्रतिक्षा पाटावर बसलेली, भोवती बायका, शेजारी गंगाळ काठोकाठ भरलेले. ह्या गृहस्थाने नवरीकडे, बायकांकडे, कोणाकडेही न पाहता थेट गंगाळापुढे बैठक मारली, बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली आणि कान लावून ऐकत बसला. डॉक्टर इतक्या मन लावून तपासत नाहीत. लीलाबाईंनी थोडा वेळ पाहिले आणि विचारले, “काय जी भाऊ, नवरी सोडून गंगाळच पाहून राहिले?” बायका हसल्या. तो भानावर येऊन म्हणाला, “किती जुनं असंन हे?” लीलाबाई म्हणाल्या, “माह्या सासूची हळद याच्यातच झाली, मंग माही झाली, आता पोरीची होऊन राहिली. तुमीच लावा हिशोब.” मी हळूच सांगितले की धनंजय विकायचे म्हणतो. लीलाबाईंचा हात हळदीच्या ताटात तसाच थांबला. “धनू म्हणते? ज्याले मी कडेवर घेतलं तो धनू?” मग माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, “इक म्हणा. प्रतिक्षाच्या पोरीची हळद आमी पिलास्टिकच्या बादलीत करू.”

धनंजय, मी तीस वर्षांच्या आसपास मुलांना रागावण्याचे काम करते आहे, पण इतक्या कमी शब्दांत मला कधी कोणाला रागावता आलेले नाही.

तेवढ्यात कोणीतरी निकेशच्या दोन्ही गालांना हळद लावली, पाहुणा मांडवातून कोरडा जाऊ नये म्हणून. शर्टाचे काय झाले ते लिहीत नाही. गंगाळ विकले असते तर पुढे काय झाले असते, ते मात्र मला दिसते. एखाद्या हॉटेलच्या दारात ते बसले असते, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या, आणि येणारा जाणारा त्यात चघळलेले च्युइंगम टाकून पुढे गेला असता. अंगाला हळद लागलेल्या तीन पिढ्यांचे पाणी ज्याने धरले, त्याने शेवटी हे धरायचे?

घरी परत आलो. पिवळ्या तोंडाने तो वर्तमानपत्र पसरून बसला आणि मी बटवा उपडा केला. एकेक रुपया त्याने उचलला, भिंगाखाली धरला, उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी नेला. शेवटी भिंग मिटले. मग मी उभी राहिले आणि स्पष्ट शब्दांत सांगितले की ह्या घरातील कोणतीही वस्तू विकणे नाही. गंगाळ नाही, पायली नाही, एक रुपयासुद्धा नाही. आज नाही, उद्या नाही, आणि धनंजयने स्वतः येऊन दारात धरणे धरले तरी नाही. जे पुरुषाला पोसते ते धन आणि जे पुरुषाला चेकाळवते तेही धनच, पण त्यांतले पहिले ह्या घरात आहे आणि दुसरे धनंजयच्या मोबाईलमध्ये. (हे वाक्य माझेच आहे, मूळ शोधत बसू नकोस.) तुझे भाऊजी दाराआडून “वा!” म्हणाले. लग्नानंतर ही त्यांची पहिलीच दाद. निकेश मोटारसायकलीवर बसून पिवळाच्या पिवळा नागपूरला गेला.

तेव्हा हा निर्णय पक्का समजावा. तू रागावशील. खुशाल रागव. लहान भावाच्या रागाला मोठ्या बहिणीकडे नेहमीच जागा असते, फ्लॅटमध्ये नसली तरी. रुचिकाला आशीर्वाद.

तुझी,
सुलोचनाताई

ता. क. वर थोडी काटछाट झाली आहे. शिकवण्याची सवय, गैरसोयीचा भाग मी ‘घरी वाचा’ म्हणून सोडते. भिंग मिटल्यावर आणि माझे भाषण सुरू होण्यापूर्वी निकेश बोलला होता. “मॅडम, हे घासलं कायनं?” मी अभिमानाने सांगितले : चिंचेने, मग राखेने, आणि अलीकडे भांड्यांच्या पावडरीने, दर लक्ष्मीपूजनाला, न चुकता. त्याने डोके धरले. जुन्या नाण्याची किंमत त्याच्या काळेपणात असते म्हणे. आपले रुपये आजच्या रुपयापेक्षा जास्त चमकतात. “राणीले नाकच नाही राहिलं जी! हे कोण घेईन?” थोडक्यात, मी विकायला नकार दिला त्याच्या थोडे आधी त्याने घ्यायला नकार दिला होता. गंगाळ मोडीत नेतो म्हणाला. पण भाषण माझे सकाळपासून तयार होते, तुझ्या भाऊजींना विचार. त्याने राजवाडा देऊ केला असता तरी ते मी केलेच असते.

पुन्हा ता. क. राणीचे नाक कोणी घासले, हे आठवते का? बाबा तुला पायरीवर बसवायचे, चिंचेचा गोळा हातात द्यायचे, आणि तू माझ्यापेक्षा जास्त चमकवायच्या नादात जीभ बाहेर काढून घासत राहायचास. “ताई, चमकलं का? आता? आता चमकलं का?” रागावलेली नाही. घरातले तू शेवटापर्यंत नेलेले ते एकच काम आहे.

आणखी एक. निघताना निकेशने विचारले, “बिना घासलेला एखादा बी नाही का? असंन तं चांगला भाव देतो.” मी नाही म्हणाले. धडधडीत खोटे बोलले. एक आहे. आईने धान साठवायच्या ढोलीत अगदी तळाशी ठेवलेला, घरातले धान्य सरू नये म्हणून. तो कधी पूजेत आला नाही, म्हणून कधी घासला गेला नाही. तू शिकायला निघालास तेव्हा तिने धानात हात घालून तो काढला आणि वरठीच्या स्टेशनावर गाडी हलताना तुझ्या खिशात टाकला. काळाकुट्ट, पण राणी नाकासकट. रुचिका सांगते की तो तुझ्या पाकिटात लायसनच्या मागे आहे आणि तू तिलाही हात लावू देत नाहीस. म्हणजे वडिलार्जित संपत्तीपैकी विकण्याजोगी एकुलती एक वस्तू तुझ्याकडे निघाली. निकेशचा नंबर तुझ्याजवळ आहेच. ‘नुसतं पडून आहे’, ‘भावनेत काय ठेवलंय’, हे तुझे सगळे मुद्दे कपाटाइतकेच पाकिटालाही बसतात. मी मध्ये बोलणार नाही. इथे एकवचन.

शेवटचे. नाहीतर दिवाळीला तो घेऊन ये. मात्र पूजेत बसायचा तर घासावा लागेल, बाबांच्या नियमात कोणाला सूट नव्हती. आणि एकदा घासला की तोही आपल्या बाकीच्या रुपयांसारखाच, जगात कोणालाही नको असलेला. विचार करून ठरव. मी चिंच भिजत घालते आहे.